बसल्या उंचीची भिंत

निमकरबाई कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की बाहेरच्या खोलीत थांबत नसत. चपला काढून त्या सरळ स्वयंपाकघरात जात, ओट्यावर तळहात टेकवून उभ्या राहत, खिडकी बंद असली तर न विचारता उघडत, आणि घरातल्या बाईला विचारत, "पाठ दुखते की खांदे?" पाठ दुखत असली तर ओटा बुटका आणि खांदे दुखत असले तर उंच, असं त्यांचं गणित होतं. ते सहसा चुकत नसे. मी मोजमापं तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. अंदाजावर माझा विश्वास कमी. म्हणून एकदोन घरांत त्यांच्यामागून जाऊन मी टेपने पडताळाही घेतला होता.

आमच्याकडे आल्या तेव्हा मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली की इथे काही दुखत नाही, पण आधीच्या सरकारी क्वार्टरमध्ये खांदे भरून यायचे. पाटावर उभं राहून पोळ्या लाटाव्या लागायच्या. बाईंनी वसाहतीचं नाव विचारलं. मंगलने सांगितलं. बाईंचा हात ओट्यावरून खाली आला.

"तो नकाशा मी काढलेला," त्या म्हणाल्या. "उंची आम्ही पुस्तकातून घेतली. पुस्तक परदेशातलं. तुम्हाला कोणाला विचारायला आलोच नाही."

मग त्यांनी तो पाट अजून आहे का ते विचारलं. होता. पर्समधून घडीची फूटपट्टी काढून त्यांनी त्याची जाडी मोजली आणि तो मांडीवर घेऊन बसल्या. पुढे कुठलाही विषय निघाला तरी त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास यायचं: "ओटा बांधून झाला की बाई काही उंच होत नाही."

त्या सरकारी बांधकाम खात्यातून वास्तुरचनाकार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. केस पुरुषासारखे कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. साइटवरच्या यंत्रांनी एक कान गेलेला, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत, आणि नको असलेलं कोणी सांगू लागलं की तोच कान पुढे करत. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहत. चहात साखर घेत नसत, पण येताजाता गुळाचा खडा तोंडात टाकत. पंख्याखाली बसत नसत. पंखा लागतो ते घर चुकलेलं, असं त्या पाहुण्यांच्या तोंडावर सांगत, आणि पाहुणे घाम पुसत बसून राहत.

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. देशाचे दरवाजे उघडले असं वर्तमानपत्रं लिहीत होती. दिल्लीला लागून, यमुनेपलीकडच्या आमच्या सेक्टरमध्ये ते उघडणं वेगळ्या तऱ्हेने दिसायचं: गेटपाशी स्कूटरच्या जागी मारुती, गच्च्यांवर डिश, दिवसातून कितीदा तरी जाणारी वीज, आणि जिकडेतिकडे तळघरांसाठी खणलेले खड्डे. मुख्य रस्त्यावर पहिली काचेची इमारत उभी राहिली तेव्हा सगळी सोसायटी संध्याकाळी ती बघायला फिरत गेली. बाई तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पातेलं आहे हे. झाकण लावलंय. आत माणसं शिजायला टाकायची." शेजारच्या सरदारजींनी मला विचारलं, मैडम क्या कह रही हैं. मी सांगितलं, तारीफ कर रही हैं.

दर जानेवारीत मराठी मंडळींची बस आर. के. पुरमहून पानिपतला, काला अंब या लढाईच्या स्मारकाला जायची. आम्ही तिथे फुलं वाहत असू, कोणीतरी भाषण करत असे, मग सगळे डबे उघडत असू. एका वर्षी बाई आल्या. भाषणात शौर्य झालं, फितुरी झाली, आपसांतले हेवेदावे झाले. डबे उघडल्यावर त्या वक्त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विचारलं, एवढ्या सैन्याचं रोजचं जेवण कोण करत होतं? चुली किती होत्या, सरपण कुठून येत होतं? वक्ते म्हणाले, त्याची नोंद नाही. "मग हरण्याचीच नोंद राहणार," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डब्यातली पुरी उचलून खाल्ली.

आता बाईंनी बांधलेल्या जागेविषयी. आमच्या सोसायटीला लागून एक गाव होतं. गावाची सगळी शेतं सेक्टरमध्ये गेली होती आणि फक्त घरं मधोमध राहिली होती. पुरुषांना मोबदला मिळाला. कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या, कोणी जीप घेतली. बायकांकडे काय राहिलं, हे कोणी विचारलं नव्हतं. काल-परवापर्यंत ज्या शेतातून मेथी-पालक खुडून आणत, त्या आता हातगाडीवाल्याशी घासाघीस करत उभ्या असायच्या. गाव आणि सोसायटी यांच्यामध्ये जमिनीचा एक तुकडा उरला होता. तो प्राधिकरणाने सोसायटीला 'सामुदायिक उपयोगासाठी' दिला. अट एकच: बांधकाम करून ती जागा नियमित वापरात असली पाहिजे. पाहणीत वापर दिसला नाही तर जमीन परत घेऊन लिलाव.

सोसायटीचे अध्यक्ष बत्राजी, गाड्यांच्या सुट्या भागांचे व्यापारी, आवाज मोठा आणि मनही मोठं. त्यांना तिथे गाड्या लावायच्या होत्या. बाईंनी सभेत नकाशा मांडला: मध्ये एकत्र स्वयंपाक करायची जागा, भोवती भाजीचे वाफे, एका बाजूला मुलांना शिकायच्या पायऱ्या, गावच्या बायका आणि सोसायटीच्या बायका मिळून पिकवतील, शिजवतील, मुलं बघून शिकतील. बत्राजी म्हणाले, "मैडम, हमारे बाप-दादा ने मुश्किल से खेती से जान छुड़ाई, आप हमें फिर फावड़ा पकड़ा रही हैं." सगळे हसले. बाईंनी चांगला कान त्यांच्याकडे केला. "आपके पिताजी ने खेत छोड़ा था बत्राजी. खाना तो नहीं छोड़ा था?" लोक आणखी हसले, बत्राजी सगळ्यांत जास्त, आणि त्या हसण्याच्या भरात ठराव मंजूर झाला.

खर्चाचा भाग मी इथे घेत नाही. बांधकाम मात्र मी रोज पाहिलं. तळघरांच्या खड्ड्यांतून निघालेली माती ट्रकांनी नदीकाठी टाकायला जायची. बाई रस्त्यात उभ्या राहून ट्रक अडवत आणि माती आपल्याकडे उतरवून घेत. त्या मातीच्या, भट्टीत न भाजता नुसत्या दाबून वाळवलेल्या विटा. भिंती हातभर जाड. वर कमानदार छत. त्याचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. भांडी धुतलेलं पाणी मोरीतून निघून खडी आणि बोरूच्या पट्ट्यातून गाळत वाफ्यांना. चुलींची एक रांग आणि त्या सगळ्यांचा मिळून एक धुराडा. पावसात तो भाग तुंबतो म्हणून जोतं रस्त्यापासून तीन फूट उंच. आणि तीन उंचीचे तीन ओटे: बुटक्या बाईला, मध्यम बाईला, उंच बाईला. त्या ओट्यांवरून बाई रोज हात फिरवून जात.

पुढची, म्हणजे रस्त्याकडची बाजू त्यांनी पूर्ण उघडी ठेवली. रस्त्यापलीकडे मोठा कडुनिंब होता, त्याची सावली आणि पूर्वेचा वारा तिकडून यायचा. शिवाय त्यांचं एक मत होतं. त्यांची आई काळोख्या स्वयंपाकघरात धुराने डोळे घालवून बसली होती. रांधणारी बाई रस्त्यावरून दिसली पाहिजे, तिला आकाश दिसलं पाहिजे, असं त्या म्हणत.

मे महिन्यात मला थर्मामीटर घेऊन बोलावलं. बाहेर सावलीत चव्वेचाळीस, आत तेहेतीस. मी जागा बदलून पुन्हा पाहिलं, फरक नाही. "तेहेतीसला पोळी लाटता येते, सावंत," त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीसला बाईच भाजते." आयुष्यात पाहिलेल्या इमारतींत एवढी चोख इमारत मी दुसरी पाहिलेली नाही. हे कौतुक म्हणून लिहीत नाही; मोजून पाहिलेलं लिहितो.

त्या इमारतीत कोणी आलं नाही.

सोसायटीच्या बायका एकदोन रविवारी आल्या, फोटो काढले, चुलीवरच्या मक्याच्या रोट्या खाल्ल्या आणि आपापल्या गॅसकडे परतल्या. आमच्या मराठी बायका होळीला पुरण शिजवायला आल्या, तेवढंच. मुलं मात्र यायची. एक इंच पाऊस या छतावर पडला तर किती माठ भरतील, असली गणितं बाई त्यांना पायऱ्यांवर बसवून घालत. पण सुट्टी लागली आणि तीही आपल्या गावांना गेली. गावच्या बायका गल्लीच्या तोंडाशी येऊन वाफ्यांकडे बघत उभ्या राहायच्या. बाईंनी हाक मारली की हसायच्या आणि आत वळायच्या.

पावसाळ्यानंतर पाहणी होणार होती. बाई वाळायला लागल्या. सकाळी झारीने एकट्या सगळे वाफे भिजवायच्या. मग चूल पेटवायच्या आणि खिचडी टाकायच्या, रोज, कोणासाठीही नाही. धुराड्यातून धूर निघताना दिसला पाहिजे, प्राधिकरणाची माणसं रस्त्याने येतजात असतात, असं म्हणायच्या. मंगल भिडेपोटी जाऊन ती खिचडी खाऊन यायची. दुधी वेलावर वाळून खुळखुळायला लागले. एकदा मी त्यांना रस्त्यावर उभ्या राहून अनोळखी बायकांना अडवताना पाहिलं: बहनजी, बस देख लीजिए, दो मिनट. एक मोलकरीण घाबरून रस्त्याच्या पलीकडे गेली. मी स्कूटर थांबवली नाही. त्या क्षणी तिथे कोणी ओळखीचं नसलेलं बरं, असं वाटलं.

कारण मंगलने शोधून काढलं, आणि तेही शोधायला गेली नव्हती. गावातली रामवती आमच्याकडे दूध घालायची. चाळिशीची, बोलायला मोकळी, घरात दोन म्हशी आणि सासरा चौधरी. मंगलने सहज विचारलं, तुम लोग मैडम के यहाँ क्यों नहीं आतीं. रामवतीने डोक्यावरचं सारखं करत सांगितलं, "कैसे आवें जी? सामने ससुर बैठे हैं."

कडुनिंबाखाली गावाची चौपाल होती. सगळे म्हातारे दिवसभर तिथे खाटा टाकून हुक्का ओढत बसायचे. ज्या सुना घरातही सासऱ्यासमोर चेहरा झाकून वावरतात, त्या त्याच्या डोळ्यांसमोर, तीन फूट उंच जोत्यावर, ओट्यापाशी ताठ उभ्या राहून पोळ्या कशा लाटणार? बाईंनी सावली मोजली होती, वारा मोजला होता. त्या सावलीत कोण बसतं हे त्यांना दिसत होतं, पण पडद्याची सवय नसलेल्या आमच्या मराठी माणसाला त्यात काही वावगं दिसत नाही. म्हातारे बसलेत, बसू देत.

मंगलने त्यांना सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. बाईंनी बहिरा कान पुढे केला नाही. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "सावंत, बायकांना लपवायला भिंत बांधायची असती तर मी घरीच नसते का बसले?" आणि भिंत घालणार नाही म्हणून सांगितलं. चौपालीवर जाऊन त्या चौधरींशी बोलल्या, खाटा जरा पलीकडे घ्या म्हणून. चौधरींनी त्यांना मानाने बसवलं, मठ्ठा दिला आणि सांगितलं की त्यांचे आजोबाही याच झाडाखाली बसत होते. शेतं गेली, आता झाडही सोडायचं का? बाई मठ्ठा संपवून परत आल्या.

त्यानंतर एका दुपारी रामवती मागच्या गल्लीतून वाफ्यांत आली. कडक ऊन होतं, चौपाल ओस पडलेली. मी थर्मामीटर न्यायला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं. ती भिंतीला हात लावून उभी होती. मग विटेचा कोपरा नखाने खरवडून तिने माती बोटांवर चोळली आणि ही कुठली म्हणून विचारलं. बाईंनी मोठ्या तळघराच्या खड्ड्याकडे हात केला.

"वो तो हमारा खेत था," रामवती म्हणाली. "गाजर बोते थे उसमें."

बाई खाली बसल्या. ओट्याला पाठ लावून, जमिनीवर. रामवतीही बसली, आणि बसल्याबरोबर तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. मी रस्त्याच्या बाजूला होतो, तरी तिला माझी अडचण वाटली नाही. मी दिसतच नव्हतो तिला. मी तसाच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचा आवाज आला. बाईंनी तिन्ही ओटे फोडायला घेतले होते. एक गवंडी होता, पण पहिले घाव त्यांनी स्वतः घातले. गावच्या बायका उभ्याने रांधतच नव्हत्या. बसून कणीक मळायची, बसून भाजी चिरायची, बसून चुलीपुढे फुंकर घालायची. उभ्या बाईसाठी बाईंनी केलेला सगळा विचार त्यांच्या उपयोगाचा नव्हता. ओट्याच्या विटा निघाल्या त्या जोत्याच्या रस्त्याकडच्या कडेला रचायला सुरुवात झाली. फक्त बसल्या उंचीची भिंत. वर सगळं उघडं, वारा यायला.

उंची ठरवायला मला बोलावलं. त्या आत जमिनीवर बसल्या आणि मला रस्त्यावर उभं केलं.

"दिसते का?"

"केस दिसतात, बाई."

"तुम्ही उंच आहात. चौधरींएवढे व्हा."

मी गुडघे वाकवले. चौपालीवरचे म्हातारे हुक्का थांबवून बघत होते. तरी केस दिसत होते. त्यांनी विटांचा आणखी एक थर चढवला आणि पुन्हा बसल्या. आता मला काही दिसत नव्हतं. ताठ उभं राहूनही नाही. मी तसं ओरडून सांगितलं.

बायका आल्या. आधी रामवती आणि तिची जाऊ, मग बाकीच्या. मागच्या गल्लीतून यायच्या, वाफ्यांत खुरपणी करायच्या, तिथलंच काही खुडून आत जाऊन बसायच्या. मंगल रोज जायला लागली. दुधीचा रायता शिकली, त्यांना थालीपीठ शिकवलं. संध्याकाळी रस्त्याने जाताना आतून हसण्याचा आवाज यायचा आणि दिसायचं कोणीच नाही. चौधरी हुक्का ओढत, आवाज जणू कानावर पडतच नाही असे बसलेले असायचे. शाळा सुरू झाली तशी मुलं पायऱ्यांवर येऊन बसायला लागली. बाईंच्या अंगावर जरा मांस आलं.

पाहणीचा अधिकारी आला तो भर दुपारी, जीपमधून, बत्राजींना बरोबर घेऊन. सभ्य माणूस होता, हे मुद्दाम लिहितो. मुलं शाळेत होती, पण आत सगळ्या बायका होत्या, मंगलसुद्धा. जीपचा आवाज आला आणि आतलं बोलणं थांबलं. चौपालीवरचे म्हातारे साहेबांसाठी उठून उभे राहिले. बाई उतरून रस्त्यावर आल्या. मी शेजारी होतो.

अधिकाऱ्याने रस्त्यावरून पाहिलं. कमान, भिंत, धुराड्यातून निघणारा धूर. "अच्छी बनी है. लेकिन कोई है तो नहीं."

बाई म्हणाल्या, आत बायका आहेत, स्वयंपाक चाललाय, धूर बघा.

"मैडम, धुआँ तो आप अकेले भी करती थीं. दफ़्तर में सबको पता है." त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही.

बाई म्हणाल्या, मग आत चला. तो पायरीकडे निघाला तेव्हा चौधरी आडवे आले. रागावले नव्हते. "साहब, औरतों में मरद ना जावेगा." अधिकारी थांबला. मग त्यांना दोन मिनिटं उभं राहू दे, मी इथूनच पाहून घेतो, असं त्याने सुचवलं. चौधरी म्हणाले, "हमारी बहुएँ दिखाने को खड़ी ना होंगी."

तेवढ्यात भिंतीमागून मंगल उभी राहिली. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. अधिकाऱ्याने विचारलं, आप गाँव की हैं? बत्राजींनी खाली बघत सांगितलं की सोसायटीच्या आहेत. मग ते स्वतःहून पुढे झाले. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. "साहब, औरतें हैं अंदर. मैं रोज़ इनको हँसते हुए सुनता हूँ."

"सुनी हुई बात मैं कैसे लिखूँ, बत्राजी? आप ही बताइए."

बाई जोतं चढून भिंतीपाशी गेल्या आणि वरून आत वाकून पाहिलं. आत काय झालं ते मंगलने सांगितलं. सगळ्या बायका माना खाली घालून, चेहरे झाकून, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एकट्या रामवतीने वर पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आप कहो तो मैं खड़ी हो जाऊँ." मंगल म्हणाली की तिचा एक हात जमिनीला टेकलेलाही होता, उठण्यासाठी. ती उठली असती तर जागा वाचली असती, आणि ती स्वतः पुन्हा कधी त्या गल्लीतून बाहेर पडली नसती. हे तिला कळत होतं आणि बाईंनाही.

"बैठी रह," बाई म्हणाल्या.

परत रस्त्यावर येऊन त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं, "मी कोणाला उभं करणार नाही." मराठीत सांगितलं. मग लक्षात आल्यावर हिंदीत.

"फिर मैं क्या लिखूँ, मैडम?"

"जो दिखता है."

त्याने तेच लिहिलं.

पुढचे महिने त्यांनी कचेऱ्यांच्या बाकांवर काढले. अर्ज, भेटीची वेळ, साहेब मीटिंगमध्ये, उद्या या. एकदोनदा मी बरोबर गेलो. त्या तापमानाचे आकडे सांगत, पाण्याचे आकडे सांगत. समोरचा मान डोलवत विचारी, पण वापर कुठे आहे? जमिनीचा भाव तोवर असा चढला होता की सोसायटीतल्यांनाही तिथे बाजार झाला तर बरंच, असं वाटू लागलं होतं. जिन्यात भेटल्यावर ते नजर चुकवत. लिलाव झाला. तारेचं कुंपण पडलं, पण मागची गल्लीची बाजू कोणी बंद केली नाही, आणि बायका येत राहिल्या.

जागा पाडली गेली आणि बाई कोणाला न भेटता नागपूरला भाचीकडे गेल्या. फ्लॅट विकून टाकला. मंगलने पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात भाचीच्या ओट्याची उंची होती आणि दुसरं काही नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं असं म्हणतो, ते खरं म्हणजे पाहणं नव्हे. जागा पाडायच्या आदल्या संध्याकाळी मोठं पिवळं यंत्र रस्त्याच्या टोकाला आणून उभं केलं होतं. सकाळी ऑफिसला निघताना मला वाटलं, बाईंना सांगावं, त्या घरी नव्हत्या म्हणून तिकडे गेलो. यंत्राचा चालक पायऱ्यांवर बिडी ओढत बसला होता. मला म्हणाला, कोणी नाही, आत्ता सुरू करतो. धुराड्यातून धूर निघत होता. मी कुंपणाशी उभं राहून हाक मारली, "बाई, ते आलेत." चौपालीवर चौधरी एकटेच होते. हुक्का पेटवलेला नव्हता. ते चालकाला म्हणाले, "थोड़ा रुक जा. अंदर रोटी बन रही है."

चालकाने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेने हो म्हटलं. आत जाणं मला शक्य नव्हतं, मीही पुरुषच.

थोड्या वेळाने भिंतीवरून एक हात वर आला. त्यात ताटली होती, तिच्यावर दोन रोट्या आणि मेथीची भाजी. ती ताटली भिंतीवर, चालकाच्या बाजूला सरकवली गेली आणि हात खाली गेला. मनगटापर्यंत पीठ होतं. तो बाईंचा होता की रामवतीचा, मला सांगता येणार नाही. चालकाने बिडी विझवली, बादलीत हात धुतले, आणि ताटली घेऊन जेवायला बसला.